काटकोन नसलेला त्रिकोण सोडवायचा कसा?

दहावीच्या त्रिकोणमितीत एक मोठी सोय असते. प्रत्येक आकृतीच्या एका कोपऱ्यात तो छोटासा चौकोन काढलेला असतो. खांब जमिनीवर सरळ उभा, शिडी भिंतीला टेकलेली, दीपगृहावरून कोणी बोटीकडे बघतंय, सगळीकडे काटकोन आयता. मग एक दिवस तुम्ही खऱ्या जमिनीला टेप लावता. बांध तिरका, रस्ता वाकडा, ओढ्याने एक कोपरा खाल्लेला. काटकोन शोधून सापडत नाही.

मी डिप्लोमाच्या मुलांना सर्वेइंग शिकवतो. दरवर्षी पहिल्या आठवड्यात फळ्यावर एक तिरपागडा त्रिकोण काढतो आणि एक कोन विचारतो. निम्मा वर्ग लगेच ‘समोरची बाजू भागिले कर्ण’ लिहायला घेतो. कर्ण कुठला, असं विचारलं की बोट सर्वांत लांब बाजूकडे जातं. पण कर्ण असतो तो काटकोन त्रिकोणालाच. काटकोन नसेल तर सर्वांत लांब बाजू ही फक्त सर्वांत लांब बाजू असते. ही एक सवय मोडली की पुढचा रस्ता सोपा आहे. दोन नियम लागतात: साइन नियम आणि कोसाइन नियम. कुठे कुठला वापरायचा हे कळलं की काम झालं. फक्त यातला एक नियम अर्धंच सांगतो आणि उरलेलं पोटात ठेवतो. तो कुठला, ते पुढे उदाहरणात दिसेलच.

आधी नावं ठेवा

म्हणजे चांगल्या अर्थाने! त्रिकोणाचे कोपरे अ, ब, क. अ या कोनाच्या समोरची बाजू प, ब च्या समोरची म, क च्या समोरची त. समोरची म्हणजे त्या कोपऱ्याला न शिवणारी. बाजू बक ही अ ला कुठेच लागत नाही, म्हणून ती प. अक ही म, आणि अब ही त. ही जोडी आकृतीवरच लिहून टाका, कारण गणितं चुकतात त्यातली बरीचशी इथेच चुकतात. आकृती अंदाजाने काढली तरी चालेल, पण मोठा कोन मोठा आणि लांब बाजू लांब दिसली पाहिजे. एक गोष्ट कायम लक्षात असू द्या: सर्वांत मोठ्या कोनासमोर सर्वांत लांब बाजू, सर्वांत लहान कोनासमोर सर्वांत आखूड. उत्तर या वाक्याशी जुळलं नाही तर ते चुकलेलं आहे, पुढे जाऊ नका.

सगळी किल्ली एका लंबात

नियम पाठ करण्याआधी ते येतात कुठून ते एकदा बघा, म्हणजे विसरलात तरी पुन्हा काढता येतील. क या कोपऱ्यातून समोरच्या अब बाजूवर लंब टाका. काटकोन नव्हता, आता आपणच दोन तयार केले.

डावीकडच्या काटकोन त्रिकोणातून लंबाची लांबी येते म × साइन अ. उजवीकडच्या त्रिकोणातून तोच लंब येतो प × साइन ब. लंब एकच, म्हणून दोन्ही सारखे. थोडं इकडचं तिकडे केलं की

प ÷ साइन अ = म ÷ साइन ब = त ÷ साइन क

हा साइन नियम. बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन, हा भागाकार तिन्ही जोड्यांसाठी एकच.

आता त्याच आकृतीत लंबाचा पाय बघा. अ पासून तो म × कोसाइन अ इतका दूर आहे, म्हणजे ब कडे उरलेला तुकडा त − म × कोसाइन अ. उजवीकडच्या त्रिकोणाला पायथागोरस लावा, कंस सोडवा, साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १ हे वापरा:

प² = म² + त² − २ × म × त × कोसाइन अ

हा कोसाइन नियम. अ काटकोन असेल तर कोसाइन शून्य, शेपूट गळून पडते आणि पायथागोरस उरतो. ज्यांनी दहावीची भूमिती मन लावून केली असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘लघुकोन असताना वजा दोन गुणिले पाया गुणिले तुकडा, विशालकोन असताना अधिक’ अशी दोन वेगळी प्रमेयं आपण सिद्ध करत होतो. ती दोन्ही म्हणजे हाच नियम, कारण विशालकोनाचा कोसाइन ऋण असतो आणि वजाचं अधिक आपोआप होतं.

लंब टाकून त्रिकोण फोडायची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे: भूमी १४, भुजा १३ आणि १५. श्लोकात हे १४ ‘मनू’ म्हणून येतात आणि १५ ‘तिथी’ म्हणून. भुजांची बेरीज २८, फरक २, गुणाकार ५६. भूमीने भागले की ४. हे ४ भूमीत मिळवून अर्धे केले तर ९, भूमीतून वजा करून अर्धे केले तर ५. लंबाने भूमीचे केलेले हे दोन तुकडे, त्यांना नाव आहे ‘आबाधा’. मग १३ चा वर्ग वजा ५ चा वर्ग १४४, म्हणून लंब १२, क्षेत्रफळ ८४. कोनाचं नावसुद्धा न घेता काम झालं. आपण फक्त ५ ला १३ ने भागून ०.३८४६ म्हणायचं आणि तो ६७.४° चा कोसाइन आहे हे कॅल्क्युलेटरला विचारायचं.

पहिली पायरी: हातात काय आहे ते बघा

त्रिकोणाला सहा मापं असतात, तीन बाजू आणि तीन कोन. त्यातली तीन माहीत हवीत आणि त्यात किमान एक बाजू हवीच. नुसते तीन कोन दिले तर आकार कळतो, आकारमान कळत नाही. वहीतला त्रिकोण आणि गावाएवढा त्रिकोण दोघांचे कोन सारखे असू शकतात.

कोन आणि त्याच्या समोरची बाजू अशी पूर्ण जोडी हातात असेल तर साइन नियमाने सुरुवात करा. एकही जोडी पूर्ण नसेल तर कोसाइन नियम. एवढाच निर्णय. आता एकेक प्रकार घेऊ.

दोन बाजू आणि मधला कोन

तळ्याच्या एका काठावर झाड, दुसऱ्या काठावर विजेचा खांब. मधलं अंतर हवंय आणि पाण्यात उतरायचं नाही. दोन्ही दिसतील अशा जागी उभे राहा. ही जागा क. तिथून झाडापर्यंत ४८ मीटर, खांबापर्यंत ६५ मीटर, मधला कोन ७२°.

कोन मोजायला यंत्र नाही? टेप पुरतो. क पासून दोन्ही दिशांना बरोबर ५ मीटरवर खुंट्या ठोका आणि त्या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजा. ते ५.८८ मीटर भरलं. त्याचं निम्मं २.९४, भागिले ५ म्हणजे ०.५८८, हा ३६° चा साइन. दुप्पट करा, ७२°. दोन समान बाजूंचा त्रिकोण मधोमध चिरला की दोन काटकोन त्रिकोण होतात, त्याचाच हा फायदा. फोनमधल्या होकायंत्राने कोन मोजायच्या फंदात पडू नका. शेजारी लोखंडी फाटक असलं तरी ते भरकटतं.

पूर्ण जोडी एकही नाही, म्हणून कोसाइन नियम:

४८² = २३०४, ६५² = ४२२५, बेरीज ६५२९.
२ × ४८ × ६५ = ६२४०. कोसाइन ७२° = ०.३०९०. गुणाकार १९२८.३.
६५२९ − १९२८.३ = ४६००.७. वर्गमूळ ६७.८३.

तळ्यावरचं अंतर ६७.८ मीटर. इथे मुलं हमखास एक चूक करतात: आधी ६५२९ मधून ६२४० वजा करतात आणि उरलेल्या २८९ ला कोसाइनने गुणतात. उत्तर येतं साडेनऊ मीटर. तळं एका उडीत ओलांडता आलं असतं! गुणाकार आधी, वजाबाकी मग.

आता एक जोडी पूर्ण झाली (७२° आणि ६७.८३), बाकीचे कोन साइन नियमाने काढता येतील. पण दोन्हींपैकी आधी लहान बाजूसमोरचा काढा. का, ते थोड्या वेळाने. ४८ × ०.९५११ ÷ ६७.८३ = ०.६७३०, म्हणजे ४२.३°. तिसरा १८० मधून वजा करून ६५.७°. पडताळा हवाच: ६५ भागिले ६५.७° चा साइन करून बघा, ७१.३ येतात. ४८ भागिले ०.६७३० केले तरी ७१.३. जमलं.

एक बाजू आणि दोन कोन

सर्वेइंगचा प्राण हाच प्रकार. कॅम्पला गेलो की मुलांना नदीची रुंदी काढायला लावतो आणि पाण्याला पाय लावायचा नाही अशी अट घालतो. अलीकडच्या काठावर अ आणि ब या दोन खुंट्यांमध्ये १२० मीटर मोजायचे. हीच पायारेषा. पलीकडच्या काठावरचं, अगदी पाण्यालगतचं एक झाड निवडायचं, ते क. अ जवळचा कोन ६३°, ब जवळचा ७४°.

तिसरा कोन फुकट मिळतो: १८० − ६३ − ७४ = ४३°. आता १२० मीटर आणि त्यासमोरचे ४३° ही जोडी पूर्ण. १२० ÷ ०.६८२० = १७५.९५. हा आकडा कॅल्क्युलेटरच्या मेमरीत टाका, पुढचं सगळं त्याच्याच गुणाकाराने येतं. अ पासून झाड: १७५.९५ × साइन ७४° = १६९.१ मीटर. ब पासून झाड: १७५.९५ × साइन ६३° = १५६.८ मीटर.

थांबा, रुंदी अजून आलेली नाही. ही दोन्ही अंतरं तिरकी आहेत. रुंदी म्हणजे झाडापासून काठावरचा लंब. १६९.१ × साइन ६३° = १५०.७. दुसऱ्या बाजूनेही काढून बघा: १५६.८ × साइन ७४° = १५०.७. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचलात की निश्चिंतपणे वहीत लिहा.

याच एका युक्तीवर सगळा हिंदुस्थान मोजला गेला. १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजायला घेतली. लांबी मोजायचं कष्टाचं काम तेवढंच; त्यापुढे मुख्यतः कोन. पहिल्या त्रिकोणाच्या काढलेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण, दुसऱ्याच्या बाजूवर तिसरा, अशी साखळी टेकड्यांवरून आणि देवळांच्या गोपुरांवरून उत्तरेकडे सरकत गेली. प्रत्येक नव्या त्रिकोणाला एक बाजू आधीच्याकडून आयती मिळायची, कोन थिओडोलाइटने मोजायचे, बाकी साइन नियम. हे यंत्र जवळजवळ अर्धा टन वजनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते आपटलं आणि लॅम्बटननी ते स्वतः दुरुस्त केलं. वाटेत मधूनमधून नवी पायारेषा मोजून हिशोब ताडून बघत. लॅम्बटन १८२३ मध्ये वारले ते आपल्या हिंगणघाटला, आणि त्यांची कबर तिथेच आहे. पुढे याच मोहिमेच्या निरीक्षणांवरून राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये ‘शिखर १५’ हे जगातलं सर्वांत उंच शिखर असल्याचा हिशोब मांडला. ते म्हणजे एव्हरेस्ट.

इतक्या मोठ्या त्रिकोणांत पृथ्वीची गोलाई आडवी येते आणि तीन कोनांची बेरीज १८० पेक्षा किंचित जास्त भरते. त्यांना ती दुरुस्ती करावी लागायची. तुमच्या प्लॉटची बेरीज १८० च्या वर गेली तर दोष पृथ्वीचा नाही.

तीन बाजू

टेपवाल्याच्या जगात हाच प्रकार सर्वांत जास्त येतो, कारण लांबी मोजणं सोपं आणि कोन मोजणं कटकटीचं. आणि माझी फजिती झाली ती इथेच.

नातेवाइकांच्या तिकोनी तुकड्याचा नकाशा काढायचा होता. बाजू २८, ४१ आणि ५९ मीटर. तेव्हा मी नवाच शिकवायला लागलो होतो, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. एक कोन कोसाइन नियमाने काढला, २८ समोरचा, २५.२°. मग म्हटलं आता साइन नियम सोपा आहे. ५९ समोरच्या कोनाचा साइन आला ०.८९६८. कॅल्क्युलेटरवर शिफ्ट दाबून साइन दाबलं, उत्तर ६३.७°. तेच कागदावर लिहिलं आणि खुंट्या ठोकायला जागेवर गेलो. ज्या कोपऱ्यात ६३.७° लिहिले होते तिथे फक्कीच्या दोन रेघा मारल्या आणि मागे सरकून पाहिलं. बांध एकीकडे चाललेला, माझी रेघ भलतीकडेच. शेजारी उभे असलेले काका म्हणाले, “अरे, हा कोपरा तर पसरट आहे. डोळ्याला दिसतंय की!”

दिसत होतंच. कोन होता ११६.३°. आणि ११६.३° चा साइन ०.८९६८ च, कारण ६३.७ आणि ११६.३ मिळून १८० होतात आणि अशा जोडीचा साइन एकच असतो. साइनला लघुकोन आणि विशालकोन यांतला फरक कळत नाही. कॅल्क्युलेटरला उलटं विचारलं की तो दोन उत्तरांतलं नेहमी लहान सांगतो आणि दुसरंही आहे याबद्दल चकार शब्द काढत नाही. कोसाइनचं तसं नाही. ९० च्या अलीकडे धन, पलीकडे ऋण, गैरसमजाला जागाच नाही.

म्हणून तीन बाजू असतील तर क्रम असा ठेवा. सर्वांत आधी सर्वांत लांब बाजूसमोरचा कोन, आणि तो कोसाइन नियमानेच:

कोसाइन = (२८² + ४१² − ५९²) ÷ (२ × २८ × ४१)
= (७८४ + १६८१ − ३४८१) ÷ २२९६
= −१०१६ ÷ २२९६ = −०.४४२५

शिफ्ट, कोसाइन: ११६.२६°. वजाचं चिन्ह बघताच कोन पसरट आहे हे कळलं. एका त्रिकोणात विशालकोन एकच असू शकतो, म्हणजे उरलेले दोन लघुकोनच, आणि आता साइन नियम बिनधास्त वापरा. २८ × ०.८९६८ ÷ ५९ = ०.४२५६, म्हणजे २५.१९°. तिसरा ३८.५५°. तळ्याच्या उदाहरणात लहान बाजूसमोरचा कोन आधी काढा म्हटलं ते याचसाठी: लहान बाजूसमोरचा कोन कधीच विशालकोन नसतो, तिथे साइन फसवू शकत नाही.

बाजू मोजून आणल्यावर गणिताला बसण्याआधी एक बघा: कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त आहे ना? नसेल तर कोसाइन १ च्या वर किंवा −१ च्या खाली जाईल आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवेल. त्यात कॅल्क्युलेटरचं काही बिघडलेलं नसतं. टेपचा आकडा चुकीचा वाचलेला असतो, बहुतेक वेळा २६ चे २९ झालेले असतात.

क्षेत्रफळ दोन बाजू आणि मधल्या कोनावरून: ½ × २८ × ४१ × साइन ११६.२६° = ५१४.७ चौरस मीटर. कोनांशिवाय हवं असेल तर हेरॉनचं सूत्र: परिमितीचं निम्मं ६४; त्यातून एकेक बाजू वजा केली की ३६, २३ आणि ५; ६४ × ३६ × २३ × ५ = २६४९६०, वर्गमूळ ५१४.७. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. तुकडा ५.०९ गुंठ्यांचा.

दोन बाजू आणि मधला नसलेला कोन

हा प्रकार खोडकर आहे. बैल बांधून बघू.

दोन बांध अ या कोपऱ्यात ३५° चा कोन करून मिळतात. एका बांधावर कोपऱ्यापासून ३८ फुटांवर खुंटा आहे, त्याला २५ फुटांचं दावं, दाव्याला बैल. बैल दावं ताणून दुसऱ्या बांधाला तोंड लावतो, ती जागा ब. कोपऱ्यापासून किती फुटांवर?

दावं फिरवून बघा, खुंट्याभोवती वर्तुळ होईल. ते वर्तुळ दुसऱ्या बांधाला दोन ठिकाणी छेदतं. बैल कोपऱ्याजवळचंही गवत खाऊ शकतो आणि लांबचंही. दोन्ही त्रिकोण खरे, दिलेली मापं दोघांनाही लागू.

गणितात हे असं उमटतं. साइन ब = ३८ × ०.५७३६ ÷ २५ = ०.८७१८. कॅल्क्युलेटर सांगेल ६०.६७°. दुसरं उत्तर आपण काढायचं: १८० − ६०.६७ = ११९.३३°. दोन्हींत ३५ मिळवून बघा. बेरीज १८० च्या आत राहिली तर ते उत्तर चालतं. इथे दोन्ही चालतात. पहिल्यात तिसरा कोन ८४.३३° आणि कोपऱ्यापासून अंतर ४३.४ फूट, दुसऱ्यात तिसरा कोन २५.६७° आणि अंतर १८.९ फूट.

किती त्रिकोण होणार हे आधीच ओळखता येतं. खुंट्यापासून दुसऱ्या बांधावरचा लंब काढा: ३८ × साइन ३५° = २१.८ फूट. दावं याहून आखूड असेल तर बैल बांधापर्यंत पोचतच नाही, त्रिकोणच नाही. बरोबर २१.८ असेल तर एकाच जागी टेकतो आणि तिथे काटकोन होतो. २१.८ आणि ३८ च्या मध्ये असेल तर दोन जागा. दावं ३८ किंवा जास्त असेल तर एकच. परीक्षेत ही तुलना दोन ओळींत लिहिली की बरेच गुण वाचतात. शेतावर मात्र मी हे तीन आकडे घेऊन कधी परत येत नाही; आणखी एक बाजू मोजून आणतो आणि वाद मिटवतो.

कॅल्क्युलेटर आणि टेप

बसण्याआधी साइन ३० दाबा. ०.५ आलं तर ठीक. −०.९८८० आलं तर तो रेडियनमध्ये आहे. मोडमध्ये जाऊन डिग्री करा. फोन आडवा धरून वैज्ञानिक कॅल्क्युलेटर उघडणाऱ्यांनी तर हे दर वेळी तपासावं.

मधले आकडे गोल करून पुन्हा टाइप करू नका. वर मी चार दशांश लिहिले ते वाचायला, प्रत्यक्षात पूर्ण आकडा मेमरीत ठेवून पुढे जायचं. आणि त्रिकोण निवडायची मुभा असेल तेव्हा सुरीच्या टोकासारखा निमुळता घेऊ नका. सर्वेइंगमध्ये कुठलाही कोन ३०° पेक्षा कमी आणि १२०° पेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे, कारण निमुळत्या त्रिकोणात कोनाची जराशी चूक लांबीत भली मोठी होऊन येते. साइनवरून कोन काढताना ९०° च्या आसपासही जपा: ८५° चा साइन ०.९९६२, ८८° चा ०.९९९४. तीन अंशांच्या फरकाला आकडा जेमतेम हलतो, म्हणजे टेपची दोन सेंटिमीटरची चूक कोनाला कुठल्या कुठे नेऊ शकते. तिथेही कोसाइन वापरा.

चार बाजूंचा प्लॉट आला तर

येतोच. लोक चार बाजू मोजून आणतात आणि क्षेत्रफळ विचारतात. चार पट्ट्यांची चौकट स्क्रूने जोडून हातात धरा, ती डुलते. बाजू त्याच, आकार बदलतो. तीन पट्ट्यांची डुलत नाही. म्हणून चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरतच नाही. पाचवं माप लागतं: समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारा कर्ण. (मराठीत यालाही कर्णच म्हणतात. सुरुवातीला ज्याच्यावरून एवढा दम भरला तो काटकोन त्रिकोणाचा, हा वेगळा.) तो मोजला की प्लॉटचे दोन त्रिकोण होतात.

वरचाच तुकडा घ्या. ५९ मीटरच्या बाजूला कर्ण समजा आणि पलीकडे ३६ आणि ४५ मीटरच्या बाजू जोडा, अशा की क्रमाने फिरताना २८, ४१, ३६, ४५ अशा बाजू लागतील. दुसऱ्या त्रिकोणाच्या परिमितीचं निम्मं ७०; ७० × ११ × ३४ × २५ = ६५४५००, वर्गमूळ ८०९.०. दोन्ही मिळून १३२३.७ चौरस मीटर, १३.०८ गुंठे.

आता बाजारात चालणारी रीत बघा. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणायची: २८ आणि ३६ ची ३२, ४१ आणि ४५ ची ४३, गुणाकार १३७६ चौरस मीटर. म्हणजे १३.६० गुंठे. अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्तच जमीन कागदावर उगवली. काटकोनी प्लॉट सोडला तर ही रीत क्षेत्रफळ नेहमी वाढवूनच दाखवते, कमी कधीच नाही. विकणाऱ्यांना ती का आवडते ते वेगळं सांगायला नको. टेप घेऊन जाल तेव्हा कर्ण मोजून आणा. दोन्ही कर्ण मोजलेत तर आणखी उत्तम, दुसऱ्याने पहिल्याचा पडताळा होतो.